झाकोळलेली सक्रिय दीर्घिका-केंद्रके : क्ष-किरण निरीक्षणे

दीर्घिकेच्या मध्यावरील महाकाय कृष्णविवर भोवतालचे द्रव्य गिळू लागले की तिचे केंद्रक 'सक्रिय' म्हणवते. आपल्या दृष्टिरेषेत वायू आणि धूळ आडवी आली, तर ते झाकोळते. दृश्य प्रकाश धुळीतच अडकतो. पुरेशा ऊर्जेचे क्ष-किरण मात्र पार होतात, म्हणून अशा केंद्रकांचा माग प्रामुख्याने क्ष-किरण दुर्बिणींनी काढला जातो.

झाकोळ किती, हे दृष्टिरेषेवर दर चौरस सेंटिमीटरमागे हायड्रोजनचे किती अणू येतात यावरून ठरवतात. ही संख्या १० च्या २२व्या घातापुढे गेली की केंद्रक झाकोळलेले धरतात. १० च्या २४व्या घाताच्या साधारण दीडपट झाली की 'कॉम्प्टन-दाट'. तिथे १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टखालचे (हे क्ष-किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) थेट क्ष-किरण जवळजवळ विझतात. म्हणूनच ७९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पाहणारी 'नुस्टार' दुर्बीण (२०१२) इथे मोलाची ठरली.

पण झाकणारे ढग नुसते झाकत नाहीत, चुगलीही करतात. त्यांच्यातील लोहाचे अणू क्ष-किरण शोषून ६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला स्वतःचे किरण सोडतात; वर्णपटात त्यांची एक रेषा उमटते. मूळ प्रकाश जितका दबलेला, तितकी ही रेषा उठून दिसते. इंदूरकरांना ही रेषा परकी नाही. राजेंद्रनगरजवळच्या, गावात अजूनही 'कॅट' म्हटल्या जाणाऱ्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' या इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणाऱ्या यंत्राचे क्ष-किरण नमुन्यावर सोडून त्यातील मूलद्रव्ये ओळखतात. नमुन्यात लोह असेल तर हीच ६.४ची रेषा उमटते. उगम मात्र वेगळे : इंडसमध्ये चुंबकांनी वळवलेले इलेक्ट्रॉन क्ष-किरण देतात, तर कृष्णविवराजवळ अतितप्त इलेक्ट्रॉनांवर आदळून प्रकाशाचीच ऊर्जा वाढते.

अशी केंद्रके किती, हा जुना पेच. १९६२ मध्ये सापडलेली वैश्विक क्ष-किरण पार्श्वभूमी, म्हणजे साऱ्या आकाशातून येणारी क्ष-किरणांची मंद प्रभा, ३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सर्वांत प्रखर आहे. झाकोळलेली केंद्रके धरल्याशिवाय तिचा हिशेब लागत नाही. 'स्विफ्ट' उपग्रहाच्या सर्वेक्षणात सक्रिय केंद्रकांपैकी कॉम्प्टन-दाट सुमारे ८ टक्केच दिसली. निसटलेल्यांची दुरुस्ती करता २०१५ चा अंदाज २७ टक्क्यांच्या घरात गेला.

सर्वपरिचित उदाहरण एनजीसी १०६८, अर्थात मेसिए ७७ ही दीर्घिका : तिमिंगल तारकासमूहात, सुमारे ४.७ कोटी प्रकाशवर्षांवर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास ती इंदूरच्या दक्षिण आकाशात सुमारे ६७ अंशांवर असते. शहराच्या उजेडापासून दूर गेल्यास लहान दुर्बिणीतून तिचा धूसर ठिपका दिसतो. केंद्रक अर्थातच नाही. मात्र ऑगस्ट २०१४ मध्ये नुस्टारला २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर तिचे किरण २०१२ पेक्षा सुमारे एक-तृतीयांश जास्त आढळले. ढगांत क्षणभर फट पडली आणि आतले केंद्रक डोकावले, असा त्याचा अर्थ लावला गेला.