फणसोंब्याची जात ओळखायची कशी?

पावसाळा लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या रानातले अळंब्यांचे फोटो फेसबुकवर येतात आणि खाली कुणीतरी लिहितंच, ‘नवी प्रजाती!’ हौस चांगली आहे. पण लाकडावरच्या बुरशीची जात फोटोवरून ठरत नाही.

आपल्या खानापूरकडचा फणसोंबाच घ्या. फणसाच्या खोडाला चिकटलेला, तपकिरी, लाकडासारखा टणक. बाळाची लाळ फार गळायला लागली की जुन्या बायका तो उगाळून हिरड्यांना लावतात. हा फेलिनस नावाच्या बुरशींच्या गटातला. मात्र फणसोंबा या एकाच नावाखाली अनेक जाती मोडतात आणि नुसत्या डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात.

ओळखीसाठी ब्लेडने पातळ काप काढून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. फेलिनसचा काप काळा पडतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू पाहायचे. काही जाड भिंतीचे, आडपडदा नसलेले. ते नुसता आधार देतात. काही पातळ भिंतीचे, वाढणारे. खरी गंमत या दुसऱ्यांत आहे. त्यांच्या पेशीत सहसा दोन पालकांकडून आलेली दोन केंद्रकं असतात. पेशी वाढताना दोन्ही एकाच वेळी विभागतात, चार होतात, आणि पुढच्या व मागच्या पेशीत दोन्ही पालकांचं एकेक जायला हवं. अरुंद तंतूत हे जमावं कसं? बाजूला एक आकडा फुटतो, एक केंद्रक त्यातून वळसा घेऊन मागच्या पेशीत उतरतं. मग पडदे पडतात, पण आकड्याचा उंचवटा सांध्यावर तसाच राहतो. गॅनोडर्मा या लाकडावरच्याच दुसऱ्या बुरशीत तो दिसतो. फेलिनसमध्ये नाही, त्याचं आकड्याशिवायच भागतं!

एवढं करूनही जवळच्या जाती वेगळ्या होत नाहीत, तेव्हा डीएनएतला आयटीएस हा तुकडा वाचतात. रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, तयार होताना तो कापून टाकला जातो, त्यामुळे त्यात बदल झाले तरी फारसं बिघडत नाही आणि ते साचत राहतात. 2012 साली तोच बुरशींचा बारकोड, म्हणजे जात ओळखायचा ठरावीक तुकडा, ठरला.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलवर गॅनोडर्मा ल्युसिडम हे नाव छापलेलं असतं. त्यातलं ल्युसिडम हे जातीचं नाव 1781 साली इंग्लंडमधल्या नमुन्यावरून आलेलं. चीनमध्ये औषधी म्हणून लागवड होणारी लिंगझी ही अळंबी वेगळीच जात निघाली, तिचं नामकरण 2012 मध्ये झालं. डबीवर जातही धड लिहिता येत नाही आणि म्हणे कॅन्सर बरा करणार!

नवं नाव द्यायचं तर मूळ नमुना संग्रहालयात ठेवावा लागतो. पुण्याच्या आघारकर संस्थेत असा बुरशीसंग्रह आहे. 2013 पासून नव्या नावाचा नोंदणी क्रमांकही सक्तीचा आहे. तेव्हा फोटो टाकणाऱ्यांनो, निदान झाड कोणतं, जिवंत की वाळलेलं, एवढं तरी लिहा. वनखात्याच्या परवानगीशिवाय भीमगडच्या अभयारण्यातून काही तोडून मात्र आणू नका.