सुपरडोम (न्यू ऑर्लिन्स)

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरातले पूर्णपणे छताखालचे फुटबॉल स्टेडियम. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल : हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून धावण्याचा आणि फेकण्याचा खेळ. ‘सेंट्स’ या व्यावसायिक संघाचे हे घरचे मैदान. पुरस्कर्त्यांप्रमाणे नाव बदलत गेले; २०२१ पासून ते ‘सीझर्स सुपरडोम’ आहे. शहरवासी मात्र नुसते ‘डोम’ म्हणतात.

ह्यूस्टनचा अ‍ॅस्ट्रोडोम हे छताखालचे स्टेडियम १९६५ मध्ये उभे राहिले, तेव्हा आपल्याकडेही असे काही हवे, असा ध्यास डेव्ह डिक्सन या स्थानिक व्यावसायिकाने घेतला. दमट उकाडा आणि अवचित कोसळणारा पाऊस पाहता छताची गरज होतीच. बांधकाम १९७१ मध्ये सुरू झाले आणि ऑगस्ट १९७५ मध्ये स्टेडियम खुले झाले. सुमारे २०७ मीटर व्यासाच्या घुमटाखाली मध्ये एकही खांब नाही. फुटबॉलसाठी सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात.

पाऊस बाहेर ठेवणारे हे छत आवाज मात्र आत कोंडून ठेवते आणि सामन्याची खरी मजा त्यातच आहे. चेंडू सेंट्सकडे असताना प्रेक्षक दबक्या आवाजात बोलतात. तो पाहुण्या संघाकडे गेला, की सारे उठून ओरडू लागतात. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल ठरवून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, सूचना शेजारच्या खेळाडूलाही ऐकू जात नाहीत. मग पाहुण्यांना खुणांवर खेळ चालवावा लागतो. ‘हू डॅट’ ही आरोळी तर सामन्याआधीपासूनच रस्त्यांवर घुमत असते. काळ्या-सोनेरी पोशाखातले लोक, ब्रास बँड, हातात छत्र्या घेऊन नाचणारे, गंबो आणि जांबालाया या स्थानिक पदार्थांचा वास : खेळ न कळणाऱ्यालाही हा दिवस रुक्ष वाटणार नाही. निष्ठा मात्र आंधळी नव्हे. १९८० च्या हंगामात संघ सोळापैकी पंधरा सामने हरला, तेव्हा हेच चाहते लाजेखातर डोक्यावर कागदी पिशव्या चढवून बसत.

ऑगस्ट २००५ मधील कॅटरीना चक्रीवादळात घर सोडू न शकलेल्या हजारो लोकांना येथे आसरा देण्यात आला. वाऱ्याने छताचे आच्छादन फाटले, वीज गेली, शौचालये तुंबली, उकाड्यात लोकांचे अतोनात हाल झाले. शेवटी अनेकांना बसने थेट ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये हलवावे लागले. दोष इमारतीपेक्षा नियोजनाचा अधिक होता, तरी कित्येक वर्षे बाहेरच्यांना डोम म्हटले की तीच दृश्ये आठवत.

तो हंगाम सेंट्स परगावी खेळले. २५ सप्टेंबर २००६ रोजी, सोमवारी रात्री, ते अटलांटा फाल्कन्सविरुद्ध घरी परतले. सुरुवातीच्या काही मिनिटांतच स्टीव्ह ग्लीसनने प्रतिस्पर्ध्यांची पंट, म्हणजे चेंडू दूर लाथाडण्याची किक, हाताने अडवली आणि कर्टिस डेलोचने त्यावर टचडाउन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटच्या पट्ट्यात चेंडू ताब्यात घेऊन सहा गुण, मिळवला. सामना २३–३ असा जिंकला; पण गुणफलकापेक्षा ती अडवलेली किकच लोकांच्या तोंडी राहिली. त्या क्षणाचा पुतळा २०१२ पासून स्टेडियमबाहेर आहे.

राष्ट्रीय अजिंक्यपदाचा ‘सुपर बोल’ छताखाली प्रथम खेळला गेला तो १९७८ मध्ये, येथेच. २०१३ च्या सुपर बोलमध्ये ऐन सामन्यात दिवे गेले आणि खेळ ३४ मिनिटे थांबला. त्यानंतरच्या मोठ्या नूतनीकरणात जुने उतरणीचे मार्ग काढून सरकते जिने बसवले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये येथे आठवा सुपर बोल झाला. त्यात फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सना ४०–२२ असे हरवले.