लेअर मॅशमधील प्रोटीन, मिथिओनिन आणि घरी मिसळली जाणारी पेंड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून अंड्यावरच्या कोंबड्यांचे भरडलेले तयार खाद्य, म्हणजे लेअर मॅश, नेणारे बहुतेक ग्राहक पोते उचलण्याआधी एकच प्रश्न विचारतात : "यात प्रोटीन किती टक्के?" आम्ही 17 टक्के असे उत्तर दिले की बाजारात 20 टक्क्यांचे पोते याहून स्वस्त मिळते, असे आम्हाला सांगितले जाते, आणि पुष्कळदा तो कमी वाटणारा आकडा भरून काढण्यासाठी घरी गेल्यावर म्हशीसाठी आणलेली सरकी पेंड किंवा गोळी पेंड त्यात मिसळली जाते. पुढे अंडी बारीक आली, कवच पातळ झाले, कोंबड्या एकमेकींची पिसे टोचू लागल्या, अशी तक्रार येते. आमचा माणूस शिरोळ किंवा गडहिंग्लजपर्यंत जातो आणि फीडरमध्ये हात घालताच सरकीची टरफले त्याच्या बोटांना लागतात.

पोत्यावर छापलेला प्रोटीनचा आकडा थेट प्रोटीन मोजून काढलेला नसतो. प्रयोगशाळेत खाद्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. युरियात 46 टक्के नायट्रोजन असल्यामुळे 100 किलो खाद्यात केवळ 1 किलो युरिया घातला तरी कागदावरचे प्रोटीन जवळजवळ 3 टक्क्यांनी वाढते. म्हशीच्या पोटातले जिवाणू त्या युरियापासून प्रोटीन तयार करू शकतात, म्हणून जनावरांच्या खाद्यात तो मर्यादित प्रमाणात चालतो; कोंबडीच्या पोटात ती सोय नाही. स्वस्त खाद्यात युरिया असतोच असे आमचे म्हणणे नाही, परंतु नुसत्या टक्क्यांवरून खाद्याची पारख होत नाही, एवढे मात्र निश्चित.

कोंबडीला खरी गरज असते ती अमिनो आम्लांची, म्हणजे प्रोटीन ज्या घटकांपासून बनते त्यांची, आणि तीही ठराविक प्रमाणात. मका आणि सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) यांवर बेतलेल्या आपल्याकडच्या खाद्यात सर्वांत आधी मिथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडते व त्यानंतर लायसिन. पंगतीत वीस पाने मांडली आणि तांबडा रस्सा बारा वाट्यांपुरताच असला, तर भाकरी कितीही थापल्या तरी जेवण बारा जणांचेच होते. मिथिओनिन संपले की उरलेली अमिनो आम्ले अंड्याच्या कामी येत नाहीत. ती मोडून त्यांतला नायट्रोजन विष्ठेवाटे बाहेर टाकावा लागतो, त्यात पक्ष्याची ऊर्जा खर्च होते, लिटर (शेडमध्ये जमिनीवर पसरलेला भुसा) ओले होते आणि शेडमध्ये डोळे चुरचुरवणारा अमोनिया साठतो. म्हणूनच आम्ही प्रोटीन 17 टक्क्यांवर ठेवून मिथिओनिन आणि लायसिन वेगळे घालतो. हा खर्च पोत्याच्या किमतीत दिसतो, हे आम्हाला मान्य आहे.

वेगळे घातलेले मिथिओनिन म्हणजे औषध किंवा हार्मोन नव्हे. खाद्यात कधी पांढरे बारीक कण दिसले म्हणून पोते परत आणणाऱ्या ग्राहकांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. लायसिन तर साखर, स्टार्च किंवा मळी जिवाणूंकडून आंबवून तयार केले जाते. उसाच्या या कोल्हापूर जिल्ह्यात त्याची भीती वाटण्याचे काही कारण नाही.

आता मिसळण्याचा हिशेब पाहू. 50 किलोच्या पोत्यात 10 किलो सरकी पेंड घातली तर कागदावरचे प्रोटीन 17 वरून सुमारे 18 टक्क्यांवर जाते. परंतु मिथिओनिन 0.40 वरून 0.38 टक्क्यांच्या आसपास येते आणि कॅल्शियम 3.8 वरून जेमतेम 3.2 टक्क्यांवर उतरते. एका कवचासाठीच कोंबडीला 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते आणि खाल्लेल्या कॅल्शियमपैकी सगळे अंगी लागत नाही, त्यामुळे पातळ कवचाचे मूळ इथेच आहे. टरफलांच्या चोथ्याने पोट भरते ते वेगळेच. शिवाय सरकीतल्या गॉसिपॉल या नैसर्गिक द्रव्यामुळे ठेवणीतल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो आणि सरकीच्या तेलातल्या काही घटकांमुळे पांढरा भाग गुलाबी दिसू शकतो. असे अंडे एकदा गिऱ्हाइकाच्या तव्यावर फुटले की तो तुमच्याकडे पुन्हा येत नाही.

पेंडीऐवजी तेवढाच मका घातला तर प्रोटीन 15.7 टक्क्यांवर आणि मिथिओनिन 0.36 टक्क्यांवर येते. दिवसाला 110 ग्रॅम खाणाऱ्या कोंबडीला मिळणारे मिथिओनिन त्यामुळे 440 वरून 400 मिलिग्रॅमवर घसरते. जोमात अंडी देणाऱ्या पक्ष्याला हा फरक जाणवतो, आणि तो आधी अंड्यांच्या संख्येत नव्हे, तर वजनात दिसतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, 30 अंड्यांचा भरलेला ट्रे तोलून रिकाम्या ट्रेचे वजन वजा करावे. सरासरी 55 ग्रॅमचे अंडे असेल तर 1,650 ग्रॅम भरतात. सलग दोन आठवडे वजन उतरले तर अंडी घटण्याची वाट न पाहता आम्हाला कळवावे.

चैत्र-वैशाखात कोंबडी कमी खाते, म्हणून त्याच खाद्यातून तिला अमिनो आम्ले कमी मिळतात. त्या काळासाठी आमच्याकडे अधिक मिथिओनिनचे पोते तयार असते. मागणी आठ दिवस आधी नोंदवावी. परसात किडे-मुंग्या वेचणाऱ्या गावरान कोंबड्यांना एवढ्या काटेकोरपणाची गरज नसते, आणि त्यांना ज्वारी टाकण्यास आमची काही हरकत नाही.

घरचा मका वापरायचाच असेल तर तयार मॅशमध्ये तो मिसळू नये. त्यासाठी आम्ही वेगळे कॉन्सन्ट्रेट (घरच्या मक्यात मिसळायचे पूरक खाद्य) ठेवतो; ते देताना मका, कॉन्सन्ट्रेट आणि चुनखडीची कच यांचे प्रमाण तुमच्या पक्ष्यांचे वय पाहून लिहून दिले जाते. मका पुरता वाळलेला असावा. बुरशी आलेला मका आम्ही कोणत्याही प्रमाणात सुचवत नाही.

तक्रार करताना खाद्याचा नमुना पोत्यातून नव्हे, तर फीडरमधून, निरनिराळ्या ठिकाणांहून मिळून एक किलो घ्यावा, कोरड्या पिशवीत बांधून त्यावर पोत्याचा लॉट क्रमांक लिहावा आणि आपण त्यात काय मिसळले तेही मोकळेपणाने सांगावे. मिसळलेल्या खाद्याबद्दल आम्ही सल्ला देऊ, परंतु पोते बदलून देणार नाही.