अपरिग्रह म्हणजे नेमकं काय, थोडी पार्श्वभूमी

साधं राहण्याचा विषय निघाला की अपरिग्रह हा शब्द येतोच, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कोल्हापूरकडच्या शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात दिगंबर जैन मुनींचा चातुर्मास सगळ्यांनी बघितलेला, त्यामुळं मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू सोडून काहीच ठेवायचं नाही म्हणजे अपरिग्रह असं डोक्यात बसलंय. ते मुनींचं महाव्रत झालं. संसारी माणसाच्या व्रताचं नावच वेगळं, परिग्रह-परिमाण, म्हणजे शेत, घर, सोनं, धान्य, भांडीकुंडी किती ठेवायची ते आपणच आधी ठरवायचं आणि त्याच्या वर आलं तर ते आपलं धरायचं नाही. जुन्या जैन सूत्रात तर परिग्रहाचा अर्थच मूर्च्छा सांगितलाय, वस्तूत जीव अडकणं. अर्थ खोल आहे, मान्य, पण सोयीचाही आहे, कारण 'माझा काय जीव अडकलेला नाही बाबा' म्हणत माणूस चार प्लॉट बाळगतो. आकडा ठरला की पळवाट बंद, म्हणून मला परिमाणच जास्त खरं वाटतं.

लिंगायतांचं कायक-दासोह तर 12 व्या शतकापासूनचं, कष्टाचं खायचं आणि समाजाला द्यायचं.

1915 ला गांधीजींच्या अहमदाबादच्या आश्रमात अपरिग्रह सगळ्यांसाठीचं व्रत झालं, मग 1930 ला येरवड्याच्या तुरुंगातून त्यांची जी पत्रं आश्रमाला गेली त्यात ते थेट अस्तेयाला, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताला जोडलं: गरज नसताना ठेवलं तर ती चोरीच. पुढं त्यांचीच विश्वस्त ही कल्पना आली, श्रीमंतानं संपत्ती ठेवावी पण समाजाची म्हणून सांभाळावी, आणि डाव्यांनी तेव्हाच विचारलं की हिशेब कोण तपासणार. प्रश्न बरोबरच होता, परिमाण पुन्हा गळालंच की.

कोल्हापुरात हा विषय पुन्हा वर आला तो 2019 च्या पुरानंतर. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, त्या ऑगस्टात पाणी 55 च्या वर, आणि ओसरल्यावर गाद्या, कपाटं, फर्निचर सगळं रस्त्यावर चिखलात, तेव्हा कळलं एवढं घरात होतं. आता रीलवाले मिनिमलिझम शिकवतात, पण जुनं टाकून तीन बेज रंगाच्या वस्तू आणायच्या यात दुसऱ्याला काय मिळालं? त्यापेक्षा आपली होळी बरी. इथं स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात, तिथं शेणी म्हणजे गोवऱ्या लागतात, म्हणून होळी लहान करून शेणी दान करायची पद्धत शहरात रुजलीय. हे दान म्हणायचं का व्रत यावर आमच्या गल्लीत दरवर्षी वाद होतो, आणि वाद चालू असतानाच कुणीतरी टेम्पोत शेणी मोजून भरत असतं.