पान लागलं, गाडी कुठून येणार?

श्रावणातली रात्र. यावल तालुक्यात केळीच्या बागेला लागून मजुराचं कुटुंब जमिनीवर गोधडी टाकून झोपलेलं असतं. पहाटे घरच्या कर्त्या माणसाच्या पोटात दुखायला लागतं, एक उलटी होते. अंगावर दाताची खूण दिसत नाही, सूज नाही. रात्रीचं खाणं बाधलं असेल म्हणून ओवा-मीठ दिलं जातं. तासाभरात पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं. मग म्हातारी हळूच म्हणते, "पान लागलं असेल." रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, म्हणून हा शब्द.

अशी कहाणी मण्यारची असते. तिचा दंश इतका हलका की बहुतेकदा झोपही मोडत नाही. म्हणजे फोन लागायच्या आधीच मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. तातडीच्या वैद्यकीय सेवेबद्दल बोलताना आपण फक्त गाडी किती वेळात आली एवढंच मोजतो, आणि हा आधीचा वेळ कुणाच्याच हिशेबात येत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त जीव तिथेच जातात.

आता मुलगा रुग्णवाहिकेसाठी 108 लावतो. महाराष्ट्रात ही सेवा 26 जानेवारी 2014 ला सुरू झाली, 937 गाड्यांनिशी: 704 प्राथमिक उपचाराच्या आणि 233 व्हेंटिलेटर, हृदयाला झटका देणारं यंत्र वगैरे असलेल्या. प्रत्येक गाडीवर डॉक्टर असावा हे आपल्या राज्याचं वैशिष्ट्य. इतर अनेक राज्यांत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. चालकाला इथे पायलट म्हणतात. फोन मात्र आपल्या जिल्ह्यात वाजत नाही, तो पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात वाजतो. इकडून मुलगा घाबऱ्या आवाजात म्हणतो, "मना बापले साप चावना, गाडी धाडा!" आणि तिकडून पहिला प्रश्न येतो, "कुठून बोलताय?"

वावराला पत्ता नसतो. गट नंबर पायलटला सांगून उपयोग नाही. म्हणून फोन करणाऱ्याने गाव, तालुका आणि जवळची ठळक खूण सांगावी: पाटचारी, मारुतीचं देऊळ, केळीचं गोदाम. फोन चालू ठेवावा आणि एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहावं. ही साधी गोष्ट कित्येक मिनिटं वाचवते.

गाडी येईपर्यंत चिरा देऊ नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. हातपाय हलू नये अशी फळी बांधावी आणि उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवावं. भगताकडे जाण्यात वेळ घालवू नये.

पुढचं विज्ञान फार महत्त्वाचं आहे. मण्यारचं विष नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या, टोकांवर बसतं. तिथून स्नायूला आज्ञा देणारं रसायन सुटायचं थांबतं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू बंद पडतात. सापाची लस रक्तात फिरणारं विष निकामी करते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर ती एकच लस चालते आणि सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. पण एकदा दुखावलेली नस लसीने लगेच सुधारत नाही. तिला बरं व्हायला दिवस लागतात. तोवर माणसाला श्वास द्यावाच लागतो. गाडीत डॉक्टर अंबू बॅग, म्हणजे फुप्फुसांत हवा ढकलणारी पिशवी, हाताने दाबत राहतो, मिनिटाला दहा-बारा वेळा, तापी ओलांडून जळगाव येईपर्यंत. म्हणून गाडीने जवळच्या दवाखान्यात थांबायचं की थेट व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी जायचं, हा निर्णय जीवनमरणाचा ठरतो. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 ला आणि नंदुरबारचं 2020 ला सुरू झालं. त्याआधी खान्देशात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकटं धुळ्यातच होतं.

घोणसचा प्रकार वेगळा. तिथे रक्त गोठत नाही. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. तेवढ्या वेळात गोठलं नाही तर विष भिनलंय. यंत्राची गरज नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते ही तपासणी.

पण या सगळ्याचा सार्वजनिक आरोग्याशी काय संबंध? 108 च्या प्रत्येक फोनची नोंद होते: वेळ, गाव, त्रास. एकाच शिवारातून जुलै-ऑगस्टमध्ये सापाचे चार फोन आले, तर तिथल्या केंद्रात लस भरपूर ठेवता येते, खाट आणि गादीखाली नीट खोचता येईल अशी मच्छरदाणी वाटता येते. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना सर्पदंशाची नोंद बंधनकारक करायला सांगितलं, ते याचसाठी. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो. भोवळ येऊन पडल्याचे फोन वाढले की उष्माघाताची लाट रुग्णालयांत दिसायच्या आधी इथे दिसते. (अशा माणसाचं अंग आधी गार करायचं. पाणी मारायचं, वारा घालायचा, मग हलवायचं.)

रस्त्यांचंही तसंच. सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. पण ही मोजदाद पोलिसांच्या नोंदीवरून होते, आणि पोलिसांपर्यंत सगळे अपघात पोहोचत नाहीत. पळासनेर ते धुळे किंवा नवापूर ते मुक्ताईनगर या महामार्गांवर 108 ची गाडी नेमकी कुठे कुठे थांबली, याचा नकाशा दर महिन्याला तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही जुनी झाली. 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने त्याला संरक्षण दिलंय.

आणि जिथे गाडीच पोहोचत नाही तिथे? धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवरून आजही बाळंतपणाला निघालेली बाई बांबूच्या झोळीतून खाली येते. चांदसैली घाटात दरड कोसळली की रस्ताच बंद. अशा ठिकाणी 'माहेरघर' योजना मला सर्वांत शहाणी वाटते: बाळंतपणाच्या चार-पाच दिवस आधीच बाई आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहते. सोबत एक नातेवाईक, लहान मूल असेल तर तेही. कळा सुरू होतात तेव्हा नर्स दहा पावलांवर असते, आणि घाटात पाऊस कोसळत असला तरी कुणाला गाडीची वाट बघावी लागत नाही.