सीमापार ग्राहकविवाद व न्यायसौजन्य

विक्रेता एका देशात आणि ग्राहक दुसऱ्या देशात असताना वाद कोणत्या न्यायालयाने ऐकावा आणि एका देशाचा निवाडा दुसऱ्याने कितपत मानावा, यांविषयीची तत्त्वे. दुसऱ्या प्रश्नास विधिभाषेत ‘कॉमिटी’ अर्थात न्यायसौजन्य म्हणतात.

या कल्पनेचा उगम वादग्रस्त आहे. श्रेय सहसा डच विधिज्ञ उल्रिक ह्यूबर (1636–94) यास देतात. निरनिराळ्या देशांच्या कायद्यांमधील संघर्षावरील त्याचा छोटा निबंध बहुधा 1689 चा. मात्र पाउलुस व्हूट या डच विधिज्ञाच्या 1661 च्या ग्रंथात हा विचार आधीच आढळतो. काही अभ्यासक प्रोक्युलस या रोमन विधिज्ञाच्या वचनातील ‘कोमितेर’ (सौजन्याने) या क्रियाविशेषणापर्यंत मागे जातात. पण तेथे विषय रोमचे मोठेपण राखण्याचा आहे, परक्या कायद्याचा नव्हे. तो दुवा शाब्दिकच मानलेला बरा. हिल्टन वि. गयो (1895) खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने सौजन्य म्हणजे निव्वळ बंधनही नव्हे आणि नुसता भलेपणाही नव्हे, असे सांगितले. त्याच निकालात वादातील फ्रेंच न्यायालयाचा निवाडा मात्र निर्णायक मानला नाही.

सोलापुरात ‘सीमेपलीकडे’ म्हणजे कर्नाटकातील विजयपूर, कलबुर्गी. तेथील न्यायालयाचा हुकूमनामा (दिवाणी दाव्यातील निर्णायक आदेश) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 39 नुसार इकडे बजावणीसाठी पाठवता येतो; सौजन्याचा प्रश्न उद्भवत नाही. उलट, 1948 मध्ये विलीन होईपर्यंत हाकेच्या अंतरावरील अक्कलकोट संस्थानाचे न्यायालय संहितेच्या व्याख्येनुसार ‘परकीय’ होते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 1986 खाली तक्रार विरुद्ध पक्षाच्या ठिकाणी किंवा वादकारण घडले तेथे करावी लागे. 2019 च्या अधिनियमाने (कलम 34) तक्रारदाराचे राहते ठिकाणही पुरेसे मानले. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून घड्याळ मागवणाऱ्या सोलापूरकरास जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. ‘सर्व वाद अमुक देशाच्या न्यायालयात’ या ओळीवर खूण केल्याशिवाय खरेदीचे बटणच दाबता येत नाही, ही गोष्ट वेगळी. ती अट अन्यायकारक ठरवून घ्यायची तर राज्य आयोगाकडे जावे लागते.

खरी अडचण बजावणीची. आयोगाचा आदेश कलम 71 नुसार दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, पण विक्रेत्याची भारतात मालमत्ता नसल्यास तो परदेशी न्यायालयाच्या मर्जीवर राहतो. भारतात येणाऱ्या परकीय निवाड्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 13 मध्ये ते निर्णायक न मानण्याचे सहा अपवाद आहेत. ब्रिटन, सिंगापूर व 2020 पासून संयुक्त अरब अमिराती यांच्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे त्याच संहितेच्या कलम 44-अ खाली थेट बजावता येतात. पक्षांनी करारात आधीच निवडलेल्या न्यायालयाविषयीच्या 2005 च्या आंतरराष्ट्रीय हेग करारातून मात्र ग्राहककरार वगळलेले आहेत.