गावात मातीकाम आणि प्रिंटमेकिंगचा सामुदायिक स्टुडिओ: नोंदणी कशी, कागद कोणते

सरकारी नोंदीत ‘स्टुडिओ’ असा प्रकारच नाही. कुंभाराचं चाक, भट्टी आणि प्रिंटमेकिंगचा, म्हणजे छापचित्रं काढायचा प्रेस एका छताखाली आणून गावातल्या कुणालाही वापरू द्यायचा असेल, तर आधी ठरवा: हा तुमचा एकट्याचा धंदा, की संस्था? धंदा असेल तर काम सोपं. आधार-पॅनवर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, आणि दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद, जिला सगळे अजून गुमास्ताच म्हणतात. उद्यम नोंदणी मोफत आहे. एजंटाला रुपयाही देऊ नका.

संस्थेची वाट महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयातून जाते. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींखाली नोंद करायची. किमान सात सभासद लागतात. सातही एकाच घरातले घातले, तर ‘सामुदायिक’ हा शब्द कुणाला पटणार?

खरी मेहनत ज्ञापनातल्या, म्हणजे संस्थेच्या स्थापनापत्रातल्या उद्देशांवर घ्या. १८६० च्या कायद्यात ललित कलांचा प्रसार हा उद्देश स्पष्ट बसतो, म्हणून पहिली ओळ तीच हवी. मडकी आणि छापचित्रं विकण्याचं कलम खाली येऊ द्या, आणि उत्पन्न संस्थेच्याच कामाला लागेल, सभासदांत वाटलं जाणार नाही, हे सरळ लिहा.

सोबत नियमावली, पहिल्या सभेचा ठराव, विश्वस्तांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, सर्वांचे ओळख आणि पत्त्याचे पुरावे, आणि कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं नाहरकत पत्र. आधारवर ‘बाळासाहेब’ आणि पॅनवर ‘बाळकृष्ण’ असेल, तर ते आधी दुरुस्त करा. असल्या फरकावर फाईल अडते.

नाहरकत पत्रात नुसतं ‘कलावर्गासाठी’ असं लिहून घेऊ नका. भट्टीचा उल्लेख हवाच. स्टोनवेअर, म्हणजे उच्च तापमानाची टणक भांडी, भाजायला १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. घरगुती मीटरवर मोठी विजेची भट्टी चालत नाही. महावितरणकडे वाढीव भाराचा, बहुधा थ्री फेजचा अर्ज करावा लागेल. त्याला जागेचा पुरावा आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडतात. एचिंगसाठी, म्हणजे धातूच्या पत्र्यावर चित्र कोरायला, ॲसिड ठेवणार असाल तर तेही मालकाला आधीच सांगा. नंतर वासावरून कळलं की भांडण ठरलेलं.

प्रेस आहे म्हणून छापखान्याचं प्रतिज्ञापन लागेल का? १८६७ च्या कायद्यात छापखाना ठेवणाऱ्याला दंडाधिकाऱ्यांपुढे ते करावं लागे. १ मार्च २०२४ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि तो नियतकालिकांविषयी आहे. लिनोकटची, म्हणजे लिनोलियम कोरून छापलेली चित्रं त्यात येत नाहीत.

पारंपरिक कारागिरांसाठीच्या केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल गैरसमज फार. तिच्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे, प्रिंटमेकिंग नाही. लाभ स्वतः हाताने काम करणाऱ्या कारागिराला मिळतो, संस्थेला नाही. वय १८ पूर्ण, कुटुंबातून एकच अर्जदार, घरात सरकारी नोकर नको. आधार, बँक पासबुक, रेशनकार्ड घेऊन सीएससी (सामान्य सेवा) केंद्रावर मोफत नोंद होते. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आहे, ते तुमच्यातल्या कुंभाराचं. त्यावर स्टुडिओने डोळा ठेवू नये.

नोंदणी झाल्यावर दरवर्षी हिशेबतपासणी. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज. सचिव नोकरीसाठी पुण्याला गेला आणि हा अर्ज राहिला, तर चेकवरची सही बदलताना बँक परिशिष्ट १ चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या धर्मादाय नोंदवहीचा उतारा मागते, आणि त्यावर अजून जुन्याचंच नाव असतं.